तिसरी-चौथीच्या पोरांना मराठी टायपिंग: आधी पायाखाली चिरा ठेवा

आमची देवगड तालुक्यातली झेडपीची छोटी शाळा, पोरं १४ आणि चालू कॉम्प्युटर २, त्यातला एक पावसाळ्यात रुसलेलाच असतो. तरी वर्षाअखेर बहुतेक पोरं खाली न बघता आपलं नाव टाइप करतात, तर मी कसं घेते ते सांगते.

आधी बसणं. खुर्च्या मोठ्या माणसांच्या, पोरांचे पाय लोंबकळतात, मग ती पुढे घसरतात, मनगटं टेबलावर टेकवतात आणि दोन मिनिटांत "हात दुखता" सुरू. मी पायाखाली जांभ्याचा चिरा ठेवते, कुठल्याही बांधकामावर उरलेला मिळतो.

कीबोर्ड इनस्क्रिप्टच घ्या, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली बटणांची मांडणी. फोनेटिक (इंग्लिश अक्षरं दाबून मराठी उमटवायचं) मोबाईलवर ठीक आहे, पण ज्याला अजून इंग्लिश स्पेलिंग येत नाही त्याला स्पेलिंगवरून ख आणायला लावणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. इनस्क्रिप्टमध्ये काना-मात्रा डाव्या हाताला, अक्षरं बहुतेक उजव्या हाताला (म, न, व तेवढे डावीकडे), आणि शिफ्ट दाबला की क चा ख, त चा थ, प चा फ. बाराखडी आलेल्या पोराला हे पटकन कळतं. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ सालीच हा लेआउट ठरवलाय, गुजराती-कन्नडलाही क त्याच बटणावर.

एफ आणि जे वर बोटाला लागेल असा उंचवटा असतो, तिथे पहिली वेलांटी आणि र. डोळे मिटून ते दोन शोधायचा खेळ दोन दिवस घ्या. मग पहिला आठवडा फक्त मधली ओळ, तेवढ्यात पोर, टोप, पुरे, चिकट एवढे शब्द होतात आणि अर्थातच चिरे, पायाखालचा चिरा स्क्रीनवर आला की पोरं जाम खूश.

चिरे मध्येच पहिला घोळ पण होतो. वहीत वेलांटी आधी काढायची सवय, म्हणून पोरं वेलांटीचं बटण आधी दाबतात आणि टिंबाटिंबांचं वर्तुळ उमटतं. "ओ बाई, भोपळो इलो!" मग मी तोंडाने म्हणायला लावते, "च ला वेलांटी". बोलतो त्या क्रमाने दाबायचं, आधी च, मग वेलांटी. चार-पाच भोपळे पडले की सवय लागते.

पुढे वरची ओळ, काजू, पापड, होडी. मग खालची, नांगर, मोरी, वाल. शिफ्टला खाडी आणि भात. जोडाक्षर सगळ्यात शेवटी, डी वर अक्षराचा पाय मोडायचा, यात पोरांना भलतीच मजा येते, आणि रत्नागिरी जमलं की समजा गाडी मार्गी लागली.

बघायची सवय मोडायला हातावर पंचा टाका, ओरडून काही होत नाही. रोज १० मिनिटं द्या, शनिवारी एकदम तासभर नको. स्पीडचं नाव काढू नका, सरकारी परीक्षेची मिनिटाला ३० शब्दांची अट मोठ्यांसाठी आहे.

लाईट गेली तर? आमच्याकडे जातेच. पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचा कीबोर्ड काढून ठेवलाय, एक जण शब्द सांगतो, बाकीचे बोटं ठेवतात, चुकलं की शेजारचा लगेच चुगली करतो.

आणि हो, सुट्टीतही मशीन दोन-चार दिवसांनी अर्धा तास चालू करत जा, खाऱ्या दमट हवेत नुसतं ठेवलं की गणपतीपर्यंत बटणं चिकटलीच म्हणून समजा.