घाटात गाडी लागते? मनगटावरचा हा पॉइंट दाबून बघा

कोल्हापूरहून आजोळी कणकवलीला जाताना करूळ घाट सुरू झाला की आमच्या धाकटीचा चेहरा पांढराफटक, प्लास्टिकची पिशवी तोंडाशी धरूनच बसायची बिचारी. हल्ली पिशवी बहुतेक वेळा कोरीच घरी येते, म्हणून लिहितोय.

तिचा हात उताणा धरायचा. मनगटाची घडी असते ना, तिच्यावर तिच्याच दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी टेकवायची, अनामिका घडीवर आणि तर्जनी कोपराकडे. तर्जनी संपते तिथं बरोब्बर मध्ये, मूठ जराशी आत वळवली की दोन दोऱ्यांसारखं उठून दिसतं, त्यांच्या मधल्या खाचेत अंगठा. माप ज्याचं त्याच्या बोटांनीच घ्या, मी आधी माझ्या बोटांनी घेतलं आणि अंगठा भलतीकडंच वर. दोन-तीन मिनिटं दाबत गोल फिरवा, कळ येईल इतकं नको, मग दुसरा हात. आणि हे गगनबावडा स्टँडलाच सुरू करा, ढवळायला लागल्यावर नाही.

चिनी वैद्यकात या जागेला नेइगुआन म्हणतात. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ ला ज्या पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बसू पुढं तिकडून अॅक्युपंक्चर शिकून आले. अमेरिकेत गाजावाजा झाला १९७१ नंतर, जेम्स रेस्टन या पत्रकाराचं बीजिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, नंतरच्या त्रासावर सुया टोचल्या आणि त्यानं ते न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं. मग तिकडच्या डॉक्टरांनी हाच पॉइंट ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर तपासला, तिथं चांगला फरक दिसला. प्रवासातल्या उलटीबद्दल मात्र निकाल उलटसुलट आहेत, त्यामुळं नुसत्या अंगठ्यावर राहू नका, पुढची सीट, नजर लांब रस्त्यावर, मोबाईल बंद आणि तोंडात आलेपाक. आलं चिनी वैद्यही मळमळीवर देतात, आपल्या आज्या तर देतातच.

मेडिकलमध्ये मणी लावलेला इलॅस्टिकचा पट्टा मिळतो, मणी त्याच खाचेवर बसला पाहिजे आणि हाताची बोटं निळी पडली तर लगेच काढा. सुया घरी अजिबात नाही. डोक्याला मार लागून उलटी झाली किंवा छातीत दुखतंय तर पॉइंट शोधत बसू नका, गाडी सरळ दवाखान्याकडं वळवा.