उद्यमबागेतल्या छोट्या वर्कशॉपला ट्रेलो कसं लावायचं

आमचं बेळगावच्या उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे, कास्टिंग (ओतीव भाग) बाहेरून येतं आणि आम्ही टर्निंग-ड्रिलिंग करून देतो, माणसं आठ. आधी सगळं व्हॉट्सअपवर चालायचं. मग एकदा 40 फ्लँज जुन्या ड्रॉइंगवर ड्रिल झाले, नवीन ड्रॉइंग चार दिवस आधीच ग्रुपवर आलं होतं पण इतर मेसेजखाली गेलं, कुणी बघितलंच नाही. माल भंगारात गेला त्यादिवशी ठरवलं, आता ट्रेलोवर बोर्ड पाहिजेच, म्हणजे स्क्रीनवरचा फळा, त्यात प्रत्येक जॉबचं एक कार्ड आणि काम पुढं गेलं की कार्ड पुढच्या कॉलममधे. तुम्हीपण सुरू करणार असाल तर आमचा अनुभव सांगतो.

पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर उघडूच नका. एक जॉब धरा आणि गेटमधून आत आल्यापासून टेम्पोत चढेपर्यंत तो कुठं कुठं थांबतोय ते वहीत लिहा. तो जिथं थांबतो तोच तुमचा कॉलम. ट्रेलो उघडलं की टू डू, डूइंग, डन असे तीन कॉलम सुचवतंय, ते आपल्या कामाचे नव्हेत, बदला. आमचे झाले कास्टिंग आलं, टर्निंग, ड्रिलिंग, इन्स्पेक्शन, डिस्पॅच, आणि मधे एक "बाहेर गेलंय". प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला गेलेला माल सगळ्यात जास्त विसरतो बघा, म्हणून त्या कॉलममधल्या कार्डवर चलन नंबर आणि परत यायची तारीख घातल्याशिवाय माल गेटबाहेर सोडायचा नाही. जीएसटीतपण जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल 1 वर्षात परत यावा लागतोय, त्यामुळं ती तारीख तशीही लागतेच.

ही पद्धत कारखान्यातलीच आहे, नाव कानबान. कानबान म्हणजे जपानीत पाटी, टोयोटात ताइइची ओहनो यांनी कार्डावर माल मागवायची रीत बसवली आणि तीच ट्रेलोने 2011 मधे स्क्रीनवर आणली. त्यामुळं आपल्या माणसांना लवकर कळतंय, फक्त दाखवायला पाहिजे.

आता भाषेचं. आमच्याकडं निम्मी पोरं कन्नड लिहितात, निम्मी मराठी, आणि माझी देवनागरी कार्डं बैलहोंगलच्या पोराला वाचायला जड जायची, तो बोलायचा नाही, नुसता मान हलवायचा. मग कार्डाच्या नावात फक्त पार्ट नंबर, नग आणि तारीख, सगळं आकड्यात. ड्रॉइंगचा फोटो कार्डाला जोडायचा, रिव्हिजन नंबर दिसेल असा, आणि नवीन रिव्हिजन आली की जुना फोटो काढूनच टाकायचा, दोन्ही ठेवले की चूक ठरलेली. लाल लेबल म्हणजे अर्जंट, पिवळं म्हणजे पार्टीचं उत्तर यायचंय. कमेंट ज्यानं त्यानं आपल्या भाषेत लिहावी, त्यात अडत नाही.

सवय लागली तरच बोर्ड टिकतंय. सकाळी मशीन सुरू करायच्या आधी 10 मिनिटं सगळ्यांनी टॅबसमोर उभं राहायचं आणि बोर्ड उजवीकडून वाचायचा, म्हणजे डिस्पॅचपासून मागं, कारण जो माल निघत आलाय त्याचेच पैसे आधी येणार. डावीकडून वाचलं की सगळे नवीन कामाच्या मागं लागतात आणि इन्स्पेक्शनला ढीग पडतोय. एका लेथपुढं दोनपेक्षा जास्त कार्डं लावू नका, तिसरं अर्जंट आलं तर आधीच्या दोनातलं कुठलं मागं ठेवायचं ते मालकानं सांगायचं, ऑपरेटरवर ढकलायचं नाही.

व्हॉट्सअप बंद करायला जाऊ नका, पार्ट्या तिथंच ऑर्डर टाकणार. पण कार्ड नाही तर मशीनवर जॉब चढणार नाही हा नियम पक्का ठेवा, मालकाच्या जॉबलासुद्धा. पहिले दोन आठवडे दोन्हीकडं लिहावं लागतंय, कंटाळा येतोय, तेवढं सोसा. आमचे टर्नर मामा टायपिंग करत नाहीत, त्यांना सांगितलं तुम्ही फक्त आवाज द्या, आयटीआयचा पोरगा कार्ड सरकवतो. तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला स्क्रीनपुढं अवघडल्यासारखं होऊ देऊ नका, त्यांनी एकदा मनावर घेतलं की बाकीचे आपोआप येतात.

शनिवारी संध्याकाळी डिस्पॅच झालेली कार्डं आर्काइव्ह करा आणि आठवडाभर न हललेलं कार्ड असेल तर त्याच वेळी फोन लावा. खरेदी आणि मेंटेनन्सचं दुसरं बोर्ड दोन महिन्यांनी काढा, तोवर एकच पुरे.