मन वळवणारे भाषण करताना: समोरच्याने पाहिलेले नाकारू नका

वक्तृत्व स्पर्धेची ढाल मिळवून देणारे भाषण आणि ऐकणाऱ्याला उद्यापासून वेगळे वागायला लावणारे भाषण यांत फार अंतर असते. सांगली-साताऱ्याच्या महाविद्यालयांतून गावागावांत बोलायला निघालेल्या नव्या वक्त्यांनी हे आधीच मान्य केलेले बरे. स्पर्धेत श्रोता परीक्षक असतो, ठरलेल्या मिनिटाला घंटा होते आणि भाषणानंतर कोणी काय केले, याला गुण नसतात. मी वाळवा आणि शिराळा तालुक्यांत सर्पदंशावरील उपचारांविषयी बोलतो, म्हणून येथील उदाहरणेही त्याच विषयाची आहेत.

लिहायला बसण्यापूर्वी, भाषण ऐकून श्रोत्याने नेमके काय करावे, हे एका वाक्यात मांडावे. ‘अंधश्रद्धा सोडा’ हे असे वाक्य नव्हे, कारण ते ऐकून घरी गेलेल्या माणसाला सकाळी करण्यासारखे काहीच मिळत नाही. ‘साप चावला तर मंत्राकरिता वाटेत न थांबता थेट रुग्णालय गाठा’ हे वाक्य चालेल. प्रस्तावना, मुद्द्यांचा क्रम आणि आवाजातील चढउतार तुम्हाला येतात असे मी धरून चालतो.

आता ज्या अडचणीने मला सर्वांत जास्त छळले आणि आजही छळते, तिच्याविषयी सविस्तर लिहितो. सभेत एखादे वयस्क तात्या उठतात आणि म्हणतात, “माझ्या थोरल्या भावाला जनावर चावलं होतं, देवळात नेऊन विष उतरवलं, आजही तो शेतात राबतोय.” नवा वक्ता येथे हमखास दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर तो हसून विषय पुढे ढकलतो, नाहीतर ‘हे थोतांड आहे’ असे ठणकावतो. दोन्ही वेळा तात्या खाली बसतात, टाळ्याही पडतात आणि भाषण तेथेच वाया जाते, कारण तात्यांनी जे डोळ्यांनी पाहिले ते खरेच घडलेले असते आणि हे सगळ्या गावाला ठाऊक असते.

म्हणून त्यांचे पाहणे आधी मान्य करा, मग त्याचे कारण सांगा. आपल्या शिवारातील धामण, दिवड, कवड्या हे साप बिनविषारी आहेत, त्यामुळे त्यांनी चावलेला माणूस मंत्राने काय किंवा मंत्राविना काय, बराच होतो. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावले तरी प्रत्येक वेळी विष शरीरात उतरतेच असे नाही. म्हणजे मांत्रिकाच्या पदरी यश जमा होत राहते आणि ते बघणारी माणसे खोटे बोलत नसतात. मात्र चावणारा साप कोणता आणि त्याने विष सोडले की नाही, हे अंधारात कोणालाच ओळखता येत नाही. कवड्या आणि मण्यार तर पाहताक्षणी सारखेच वाटू शकतात. त्यातही मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सूजही फारशी येत नाही, आणि काही तासांनी पापण्या जड होऊन श्वास अडू लागतो. मंत्र चालू असताना गेलेला वेळ तो हाच. हे उलगडून सांगितले तर तात्यांना खोटे ठरवावे लागत नाही आणि त्यांच्या भावाची गोष्टच तुमच्या बाजूने बोलू लागते.

हा केवळ गोड बोलण्याचा भाग नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांवर केलेल्या आणि १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, आधीपासून विरोधी मत असलेल्यांवर दोन्ही बाजू मांडणाऱ्या भाषणाचा परिणाम अधिक होतो, तर एकच बाजू मांडणारे भाषण मुळात सहमत असलेल्यांनाच जास्त पटते. तुमच्या टाळ्या कोणाकडून येत आहेत, हे यावरून ताडून पाहावे.

आकड्यांच्या बाबतीत मी कठोर आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातील ‘अंदाज’ हा शब्द गाळणारा वक्ता माझ्या मते खोटे बोलतो. या मृत्यूंपैकी सुमारे निम्मे जून ते सप्टेंबरमधील आहेत, हे मात्र जरूर सांगा, कारण भाषण केव्हा ठेवायचे हेही त्यातून ठरते. सडलेल्या पायाची छायाचित्रे त्या रुग्णाच्या संमतीवाचून दाखवू नका. नुसती भीती घातली की माणूस कान बंद करतो. जमण्यासारखा उपाय लगेच दिला तरच ती भीती कामी येते. सापाच्या विषावर रुग्णालयात देतात त्या प्रतिविषाच्या इंजेक्शनने प्रत्येक जण वाचतोच, असेही म्हणू नका. लवकर पोहोचल्यास वाचण्याची शक्यता वाढते, एवढे पुरेसे आहे आणि ते खरे आहे.

सर्पदंशावरील वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्राचा उपचार करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण त्या कलमाने भाषण सुरू करणाऱ्यांचे मला नवल वाटते. धमकीने गप्प बसलेला माणूस पटलेला नसतो.

भाषणाचे तयार साचे विकणाऱ्या शिकवणी वर्गांवर पैसे घालवू नयेत, आणि जो मार्गदर्शक तुमचे भाषण स्वतः लिहून देतो त्याच्यापासून दूर राहावे. उत्तम मार्गदर्शक तोच, जो तात्यांच्या जागी बसून आडवे प्रश्न विचारतो. शेरोशायरीविषयी न बोललेलेच बरे. हात थरथरणे, पहिल्या मिनिटाला घसा कोरडा पडणे याची मात्र अजिबात काळजी करू नका. श्रोत्यांना ते फारसे दिसत नाही, आणि दिसले तरी गावातील माणसे त्यावरून कोणाला नापास करीत नाहीत.

निघण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हे इंजेक्शन जवळ कोठे मिळते ते विचारून घ्यावे आणि भाषणात त्या रुग्णालयाचे नाव घेऊन सांगावे. शेवटी पुढच्या रांगेतील एखाद्या मावशींना विचारावे, “मावशी, रात्री दोन वाजता घरात कोणाला साप चावला, तर तुम्ही पहिलं काय कराल?” उत्तर ‘१०८ ला फोन’ असे आले तर ठीक. ‘आधी देवळात, मग बघू’ असे आले तर मावशींना दुरुस्त करण्याची घाई न करता, असे का, ते नीट ऐकून घ्यावे आणि पुढच्या गावच्या भाषणात तोच मुद्दा आधी घ्यावा.