टाकीतला गाळ आणि सेंट्रिफ्यूजवरचा आळ: टाकी-सफाई करताना या चुका टाळा

कच्च्या तेलाची साठवण टाकी अनेक वर्षांनी तपासणीसाठी रिकामी करण्याची वेळ येते, तेव्हा तिच्या तळाशी मेण, अस्फाल्टीन (कच्च्या तेलातले डांबरासारखे जड घटक), गंज, वाळू आणि पाणी यांचा घट्ट थर बसलेला असतो. पूर्वी माणसे आत उतरून फावड्याने हा गाळ ओढत असत. आता बऱ्याच ठिकाणी बंदिस्त चक्राची पद्धत वापरतात: छतातून किंवा मॅनहोलमधून फिरते नोझल आत सोडायचे, त्यातून तेलाचा झोत गाळावर मारायचा, सुटलेला गाळ पंपाने ओढून जाळीतून, हीटरमधून आणि डिकँटर सेंट्रिफ्यूजमधून (वेगाने फिरून तेल, पाणी आणि घन माल वेगळे करणाऱ्या यंत्रातून) न्यायचा, आणि निवळलेले तेल परत नोझलकडे पाठवायचे. या चक्रात काही बिघडले की ऑपरेटरचा पहिला हात सेंट्रिफ्यूजच्या पॅनेलकडे जातो. दोष बहुधा तिथे नसतो. त्या यंत्राला मागून काय पाजले जात आहे, हे पाहण्याआधीच त्याच्यावर आळ घेतला जातो, आणि पुढच्या बहुतेक चुका या एका सवयीतून निघतात.

गाळ न मोजता काम सुरू करणे

टाकीच्या तळाचा गाळ सपाट पसरलेला असतो, असे गृहीत धरून एकाच ठिकाणी डिप (टाकीत टेप सोडून मोजलेली खोली) घेतला जातो आणि त्यावरून दिवसांचा हिशेब मांडला जातो. बाजूला मिक्सर बसवलेली टाकी असेल, तर मिक्सरसमोर खळगा आणि त्याच्या दोन्ही अंगांना किंवा पलीकडच्या भिंतीशी ढीग, असे चित्र नेहमी आढळते. ६० मीटर व्यासाच्या टाकीत तळावरचा अवघा १ सेंटिमीटर गाळ म्हणजे सुमारे २८ घनमीटर माल असतो; डिपमधली हातभर चूक किती महागात जाईल, हे यावरून लक्षात यावे. छतावरून जितक्या ठिकाणी पोहोचता येईल तितक्या ठिकाणी खोली मोजून कागदावर नकाशा काढावा आणि नोझलच्या जागा त्या नकाशावरून ठरवाव्यात. पंपाची सक्शन (ओढणारी नळी) ज्या बाजूला आहे तिथला गाळ आधी मोकळा करावा, कारण लांबचा ढीग आधी फोडला तर तो वाहत येऊन सक्शनच्याच तोंडाशी बसतो.

गाळाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचा कंटाळा करू नये. मुंबई हायचे तेल गंधकाने हलके पण मेणाने भरलेले आहे आणि त्याचा ओतनांक (ज्याच्या खाली तेल वाहणे थांबते ते तापमान) ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. म्हणजे पावसाळ्यातल्या गार रात्री ते उघड्या होजमध्ये थिजू शकते. आखातातून येणाऱ्या गंधकयुक्त तेलाच्या टाकीत अडचण वेगळ्या जातीची असते. तिथे हायड्रोजन सल्फाइड आणि भिंतींवर साचलेले आयर्न सल्फाइड यांच्याशी गाठ पडते. दोन्ही टाक्यांना एकच तापमान आणि एकच पद्धत लावली, तर एकीत तरी फसगत होणारच.

कोणतेही हलके तेल चालेल, ही समजूत

गाळ पातळ करायचा म्हणजे हलके तेल ओतायचे, एवढेच सूत्र लक्षात ठेवून काही ठिकाणी नॅफ्था किंवा कंडेन्सेट वापरले जाते. यात दोन धोके आहेत. पहिला उघड आहे: ज्वलनांक (ज्या तापमानाला पेट घेण्याजोगी वाफ निघू लागते तो) खाली येतो आणि टाकीतली वाफ वाढते. दुसरा सहसा ध्यानात येत नाही. पॅराफिनी जातीच्या हलक्या तेलात अस्फाल्टीन विरघळत तर नाहीच, उलट आधी विरघळलेले असेल तेही बाहेर पडून काळ्या डिंकासारखे खाली बसते. जाळी तासातासाला भरू लागते आणि हीटरच्या नळ्यांवर थर चढतो. अस्फाल्टीन जास्त असलेल्या गाळासाठी सुगंधी (अॅरोमॅटिक, बेंझिनच्या कुळातले) घटक अधिक असलेले तेल, उदाहरणार्थ रिफायनरीतले लाइट सायकल ऑइल, बरेच सरस ठरते. मेण जास्त असेल तर द्रावकापेक्षा उष्णता अधिक काम करते. कामाआधी दोन-तीन काचेच्या बरण्यांत थोडा गाळ घेऊन त्यावर वेगवेगळी तेले ओतून रात्रभर ठेवावे. सकाळी कोणत्या बरणीच्या तळाशी काय उरले आहे ते पाहिले की वादाला जागा राहत नाही.

झोतासाठी घेतलेल्या तेलात पाणी असणे, ही याच घरातली चूक. पाणी मिसळलेल्या तेलाच्या फवाऱ्यात स्थिर विद्युतभार जास्त तयार होतो. जहाजावरच्या टाक्या कच्च्या तेलाने धुताना, ज्या टाकीतले तेल धुण्यासाठी घ्यायचे तिच्या तळाचे किमान १ मीटर तेल आधी काढून टाकण्याचा नियम याच कारणाने आहे. जमिनीवरच्या टाकीलाही हाच विचार लावावा आणि नोझल, होज व पंप यांचे अर्थिंग प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला स्वतः हात लावून तपासावे. नुसते नजरेने पाहून परमिटवर खूण करू नये.

सक्शनकडे दुर्लक्ष

पंपातून खडे वाजल्यासारखा आवाज येऊ लागला आणि प्रवाह खाली-वर होऊ लागला, की ऑपरेटर पंपाचा वेग वाढवतो. हा उपाय आगीत तेल ओतण्यासारखा आहे. सक्शन अपुरी पडत असताना वेग वाढवला तर पोकळीकरण (द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणे) आणखी वाढते आणि काही तासांत इंपेलर किंवा स्टेटर खराब होतो. आधी सक्शन बाजूचा व्हॅक्यूम गेज पाहावा. व्हॅक्यूम वाढलेला असेल तर टाकी आणि गेज यांच्यामध्ये कुठेतरी अडथळा आहे: जाळी भरली आहे, होज आतून चपटली आहे, किंवा माल थिजला आहे. व्हॅक्यूम कमी असूनही प्रवाह तुटत असेल, तर कुठल्यातरी जोडणीतून हवा किंवा टाकीतला वायू ओढला जात आहे. एवढा एक फरक ओळखता आला तरी निम्मी धावपळ वाचते. टाकीतले तेल गरज नसताना जास्त तापवले असेल, तर हलके घटक सक्शनमध्येच वाफ होऊन पंप वायूने अडतो. अशा वेळी वेग कमी करून तापमान उतरवावे लागते.

जोडजाळी असेल तर दोन्ही बाजू एकाच वेळी चालू ठेवण्याचा मोह टाळावा. एक चालू आणि एक साफ करून तयार, अशी शिस्त नसली की नेमक्या रात्री अडीच वाजता दोन्ही भरलेल्या सापडतात.

साय आली म्हणून रसायन वाढवणे

इथे एक प्रसंग सांगतो. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या साठवण केंद्रात काम चालू असताना तिसऱ्या रात्री परतीचे तेल गढूळ येऊ लागले. १०० मिलिलिटरच्या नळीत नमुना फिरवला, तेव्हा वर तेल, खाली पाणी आणि मध्ये बोटभर जाडीची तपकिरी साय दिसली. हे इमल्शन, म्हणजे तेल आणि पाणी यांचे सहज न सुटणारे मिश्रण होते. पाळीप्रमुखाने डिमल्सिफायरचा (इमल्शन फोडणाऱ्या रसायनाचा) डोस वाढवला. पुढच्या तासाला साय थोडी जाड झाली. डोस आणखी वाढवला, सेंट्रिफ्यूजचा फीड (आत जाणारा प्रवाह) बदलला, स्क्रोलचा (फिरत्या बाऊलच्या आत घन माल बाहेर ढकलणाऱ्या स्क्रूचा) वेगफरक दोनदा हलवला, आणि पहाटेपर्यंत लॉगबुकाची दोन पाने भरली. सकाळी आलेल्या जुन्या फिटरने सेंट्रिफ्यूजकडे पाहिलेही नाही. त्याने विचारले, “फीडचा स्क्रू पंप कुठे गेला?” तो आदल्या संध्याकाळी दुरुस्तीला काढला होता आणि त्याच्या जागी मिळेल तो सेंट्रिफ्यूगल पंप जोडून, प्रवाह जास्त होतो म्हणून डिस्चार्ज व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवला होता.

त्या अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमध्ये पाण्याचे थेंब दळले जात होते. स्थिरावण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. थेंब निम्मा झाला की तो चारपट हळू सुटतो. हजारो जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट) इतके बल देणारे यंत्रही दळलेल्या इमल्शनपुढे हतबल होते. शिवाय डिमल्सिफायर ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इमल्शन फोडण्याऐवजी ते टिकवायलाच मदत करू शकते, म्हणूनच डोस वाढवल्यावर साय जाड होत गेली होती. स्क्रू पंप परत बसवला, डोस मूळ पातळीवर आणला आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून प्रवाह पंपाच्या वेगाने सांभाळला, तेव्हा दुपारपर्यंत नळीतली साय पुसट रेघेइतकी उरली.

यावरून दोन सवयी लावून घ्याव्यात. फीड पंप कमी घुसळण करणारा असावा आणि प्रवाह व्हॉल्व्ह आवळून कमी करू नये. तसेच एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तासभर थांबावे, नमुना घ्यावा आणि मगच पुढची बदलावी. त्या रात्री तीन गोष्टी एकदम हलवल्यामुळे कशाचा काय परिणाम झाला, हे कोणालाच सांगता येईना.

सेंट्रिफ्यूजचे खरे दोष

एवढे सगळे तपासूनही गढूळपणा राहिला, तर मग यंत्राकडे वळावे. फीड कमी केला की द्रवाला बाऊलमध्ये राहायला जास्त वेळ मिळतो आणि तेल निवळते; हा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय आहे, कारण रोजचे घनमीटर दाखवण्याचा दबाव प्रत्येक पाळीवर असतो. बाऊल आणि स्क्रोल यांच्यातला वेगफरक वाढवला तर घन माल लवकर बाहेर पडतो, पण ओला पडतो. कमी केला तर माल कोरडा होतो आणि टॉर्क (स्क्रोल फिरवायला लागणारा जोर) चढतो. टॉर्क चढू लागला की वाळूचा लोंढा आला आहे असे समजून आधी फीड कमी करावा, ट्रिप होण्याची वाट पाहू नये. द्रवाची पातळी ठरवणाऱ्या पट्ट्या यंत्र पूर्ण थांबल्याशिवाय बदलता येत नाहीत, म्हणून तो विचार शेवटी करावा.

बंद करतानाची चूक मात्र निव्वळ घाईची असते. फीड बंद करून लगेच मोटर बंद केली, तर बाऊलमध्ये उरलेला माल एका बाजूला घट्ट बसतो, आणि दुसऱ्या दिवशी सुरू करताना यंत्र असे थरथरते की बेअरिंग गेल्याचा निष्कर्ष काढून लोक ते खोलायला घेतात. फीड थांबवल्यावर पूर्ण वेगात गरम स्वच्छ तेल सोडून टॉर्क रिकाम्या पातळीवर येईपर्यंत धुवावे आणि मगच थांबवावे. बाऊल पूर्ण थांबल्याची खात्री होईपर्यंत झाकणाला हात लावू नये. मोटर बंद झाल्यावरही तो बराच वेळ फिरत राहतो.

नायट्रोजन आहे म्हणून निर्धास्त राहणे

टाकीत नायट्रोजन सोडून ऑक्सिजन कमी ठेवला की आग लागण्याची शक्यता संपते, हे खरे असले तरी तो सर्वत्र कमी आहे हे दाखवणारे मोजमाप लागते. जहाजांवर टाकीतला ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या वर जाऊ न देण्याची मर्यादा आहे आणि जमिनीवरही साधारण तीच किंवा तिच्याहून कडक पाळतात. एकाच नळीतून, एकाच उंचीवरून घेतलेल्या आकड्यावर विसंबू नये. झोताच्या उलट्या बाजूचे कोपरे आणि छताखालची जागा वेगळी मोजावी.

सर्वांत घातक चूक वायुमापकाची आहे. उत्प्रेरक सेन्सर असलेल्या मापकाला ज्वलनशील वायू मोजण्यासाठी स्वतःला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन भरलेल्या टाकीत तो वायू असूनही शून्याजवळचा आकडा दाखवतो, आणि त्या शून्यावर विश्वास ठेवून हवा आत सोडली जाते. अशा टाकीसाठी इन्फ्रारेड सेन्सरचा मापकच हवा. हायड्रोजन सल्फाइडबाबत नाकावर विसंबणेही तसेच आहे, कारण १०० पीपीएमच्या आसपास वास येणेच बंद होते आणि तीच पातळी जिवाला तात्काळ धोका मानली जाते.

दुसरी चूक हिशेबाची. चक्र बंदिस्त असते तोवर जितके तेल बाहेर येते तितके परत आत जाते. पण परतीचा प्रवाह दुसऱ्या टाकीकडे वळवला की आत पोकळी तयार होऊ लागते, आणि ती भरून काढण्याएवढा नायट्रोजन त्या क्षणी मिळायला हवा. साध्या साठवण टाकीचे छत पाण्याच्या जेमतेम २५ मिलिमीटर उंचीएवढा व्हॅक्यूम सोसते. त्यात जूनमधली पहिली जोरदार सर कोमट टाकीवर कोसळली तर आतला वायू काही मिनिटांत आकसतो. नायट्रोजन गळू नये म्हणून व्हेंटवर (टाकीच्या श्वासमार्गावर) प्लास्टिक बांधणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

आयर्न सल्फाइड असलेल्या टाकीत हवा सोडताना भिंती ओल्या ठेवाव्यात आणि हवा हळूहळू वाढवावी, नाहीतर सुकलेला थर हवा लागताच आपोआप पेटतो. शेवटच्या तपासणीला माणूस आत जातो तेव्हाही जुनीच शिस्त लागू आहे: १९४८ च्या कारखाने अधिनियमात टाकीच्या आत न्यायच्या हातदिव्यासाठी घातलेली २४ व्होल्टची मर्यादा आजही सोडण्यासारखी नाही.

घन माल ओलाच बाहेर पाठवणे

सेंट्रिफ्यूजमधून पडलेला माल हा घातक कचरा आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांत पेट्रोलियम टाक्यांची सफाई हा वेगळा प्रकारच नोंदवलेला असून तो माल ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवता येत नाही. महाराष्ट्रात तो तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी इथल्या केंद्रांकडे मॅनिफेस्टसह (वाहतुकीच्या नोंदपत्रासह) जातो. तेल जास्त राहिलेला माल वजनात महाग पडतो आणि डंपरच्या मागच्या फळीतून ठिबकतो. ट्रॉलीत माल पडू लागल्यावर हातमोजा घालून मूठभर दाबून पाहावे. बोटांमधून तेल निघत असेल, तर वेगफरकाला हात लावण्याआधी हीटरच्या बाहेरचे नव्हे, डिकँटरच्या तोंडाशी असलेले तापमान वाचावे. मधल्या उघड्या होजमध्येच ते बरेच उतरलेले असते.