काल्पनिक जगात वाइनचा प्रदेश उभा करताना

कादंबरीसाठी किंवा गेमसाठी वाइन पिकवणारा मुलूख रचायला घेतला की नवखे लेखक आधी नकाशा काढतात आणि वाइनला नाव देतात. सुरुवात हिशेबाने करा. गावात ५००० माणसं, रोज माणशी अर्धा लिटर, म्हणजे वर्षाला नऊ लाख लिटरच्या वर. यंत्रं-औषधं नसलेल्या जगात एकरी ८०० लिटर धरले तर सुमारे ११४० एकर बाग लागते. किलोभर द्राक्षांतून साधारण ६५० मिली वाइन निघते, तेव्हा माल झाला १४०० टन. एका मजुराने दिवसाला २५० किलो तोडले, तर पंधरा दिवसांत तोडणी उरकायला पावणेचारशे मजूर हवेत. ते कुठून येतात, कुठे झोपतात, त्यांना मजुरी कोण देतं? कथानक इथे सापडतं.

मग हवामान. कडक थंडीत वेल पानं गाळून विसावते. उष्ण मुलखात ती आपणहून थांबत नाही, माणसाला छाटून तिचं वर्ष आखावं लागतं. नाशिककडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (नव्या काड्या वाढाव्यात म्हणून), पावसाळा सरताना गोडी छाटणी (फळ धरावं म्हणून) आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तोडणी, असा क्रम असतो. तुमचं राज्य उष्ण असेल तर हाच क्रम वापरा. अतिथंड असेल तर निंगशियाकडे बघा. चीनच्या त्या भागात दर हिवाळ्यात वेली आडव्या करून मातीखाली गाडतात आणि वसंतात उकरून काढतात. प्रचंड कष्टाचं काम आहे.

ड्रॅगन असतील तर त्यांच्या हल्ल्याची तारीख फार जपून ठरवा. मण्यांत पाणी उतरल्यानंतर, म्हणजे द्राक्षं मऊ होऊन पिकू लागल्यावर, बागेवर धूर बसला, तर त्यातली द्रव्यं सालीतून आत शिरतात आणि साखरेशी बांधली जातात. द्राक्षं खाताना ते फारसं जाणवत नाही. आंबवताना ती द्रव्यं सुटी होतात आणि वाइनला राखेची चव येते. वणव्यांनंतर ऑस्ट्रेलिया-कॅलिफोर्नियात हेच घडलं आहे. शत्रूने वेलीच उपटल्या, तर नव्या लागवडीचं पहिलं पीक तिसऱ्या वर्षाच्या आसपास. तोवर त्या गावाकडून वाइनच्या रूपाने कर वसूल करून दाखवू नका.

तळघराचे प्रसंग बहुधा चुकतात. लाल वाइन आंबताना साली वर तरंगून जाड थर धरतात. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर वरचा थर आंबूस होऊन सगळ्या पिंपाला व्हिनेगरचा वास लागतो. उष्णता ३५ अंशांपुढे गेली की यीस्ट दमतं आणि साखर तशीच उरते. शिवाय आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. खाली वाकलेला माणूस आवाज न करता कोसळतो, आणि त्याला ओढायला उतरलेला दुसराही. विषप्रयोगाचा संशय घेण्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

आणि राजाच्या मेजावर शंभर वर्षं जुनी वाइन ठेवायची असेल, तर त्या जगात जाड काचेची बाटली आणि घट्ट बूच बनवता येतं का, ते आधी ठरवा. अर्धवट रिकाम्या पिंपातली साधी वाइन हवा लागून लवकर बिघडते.