एक छोटी वाइड लेन्स आणि मुंबईचे दोन दिवस : या चुका टाळा

दोन दिवसांसाठी पुण्याहून मुंबईला जाताना मी हल्ली एकच लेन्स घेतो. १६ मि.मी.ची वाइड, म्हणजे एका फ्रेममध्ये बरंच काही मावणारी, एफ २.८ (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं), वजन जेमतेम १६५ ग्रॅम. माझा कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे छोट्या सेन्सरचा आहे, त्यामुळे फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या हिशेबात ती साधारण २६ मि.मी. ठरते. बहुतेक मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यालाही जवळपास एवढंच दिसतं, तेव्हा इथलं बरंचसं मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनाही लागू पडेल.

पहिल्या एक-दोन फेऱ्यांचे फोटो घरी येऊन बघताना मन रमेना. इमारती होत्या, माणसं होती, पण सगळं लांब कुठेतरी, मुंगीएवढं. निम्मी फ्रेम डांबरी रस्त्याने भरलेली. वाइड लेन्स घेतली की सगळं मावेल, असं आपण धरून चालतो आणि मागे मागे सरकत राहतो. या लेन्सचं खरं बळ जवळ जाण्यात आहे. खालच्या बऱ्याच चुका तेवढं विसरल्यामुळे होतात.

उतरल्या उतरल्या सीएसएमटीचा फोटो

डेक्कन क्वीन साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोचते. बाहेर यायचं, रस्ता ओलांडायचा, वळायचं आणि पहिला फोटो घ्यायचा, हे जवळजवळ प्रत्येक जण करतो. पण या वास्तूचं मुख्य तोंड पश्चिमेला आहे. सकाळी ती सावलीत असते आणि तिच्यामागचं आकाश पांढरंफटक. वाइड लेन्समध्ये आकाशाचा तुकडा मोठा येतो, कॅमेरा त्यालाच भुलतो आणि कोरीव दगड काळवंडतो. एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने, म्हणजे उजेड दुप्पट करून, वाढवलं तर थोडं निभावतं, पण आकाश धुऊन निघतं. त्यापेक्षा सकाळी पाठ फिरवा आणि समोरच्या महापालिकेच्या इमारतीकडे बघा. तीही सीएसएमटीचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचीच आहे, आणि त्या वेळी तिच्यावर ऊन असतं. सीएसएमटीसाठी चारनंतर परत या.

ओव्हल मैदानाचंही असंच. २०१८मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या दोन रांगा इथे समोरासमोर आहेत. पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाच्या गॉथिक वास्तू, पश्चिमेला आर्ट डेको घरांची ओळ. सकाळचं ऊन आर्ट डेकोवर पडतं, दुपार कलली की गॉथिकवर. गेटवेला सूर्य समुद्राच्या बाजूने उगवतो, म्हणून सकाळी शहराच्या बाजूने बघितलं तर कमान काळी दिसते आणि मागे वळलं तर ताज उजळलेलं. झूम नसताना जागा बदलून फार काही वाचवता येत नाही, त्यामुळे दिवसाचा बेत उन्हाप्रमाणे आखलेला बरा.

मनोरा मावावा म्हणून कॅमेरा वर करणं

विद्यापीठाच्या आवारातल्या राजाबाई टॉवरच्या जवळ उभं राहून कॅमेरा वर केला की टॉवर मागे कलंडल्यासारखा दिसतो. लेन्सचा यात दोष नाही. सेन्सर इमारतीला समांतर राहिला नाही की उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात, आणि वाइडमध्ये ते जास्तच जाणवतं.

उपाय अंतराचा आहे आणि तो मोजता येतो. कॅमेऱ्यातली लेव्हल (कॅमेरा तिरपा झाला का ते दाखवणारी रेषा) सुरू करा आणि कॅमेरा उभा धरा, पण वर-खाली न झुकवता. २६ मि.मी.च्या उभ्या फ्रेममध्ये डोळ्यांच्या रेषेच्या वर साधारण ३५ अंश दिसतं. टॉवर ८५ मीटर उंच आहे. गणित केलं तर सुमारे १२० मीटरवरून तो कळसापर्यंत मावतो. आडव्या फ्रेमला तेच अंतर १८० मीटरच्या आसपास जातं. ओव्हल मैदानात पुरेसं आत चालत गेलं की ही जागा सापडते, आणि समोर क्रिकेट खेळणारी पोरं आपोआप फ्रेमच्या खालच्या भागात येतात. २६ मीटर उंच गेटवेला उभ्या फ्रेमसाठी ३५ मीटर पुरतात.

कधी कधी मागे जायला जागाच नसते, फोर्टमधल्या गल्ल्यांत तर नसतेच. तिथे कॅमेरा वर करावाच लागतो. मग इमारतीच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवा, कारण नंतर सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात. आणि रेषा नंतर सरळ करायच्या नसतील तर थोडंच वर करून थांबू नका. एक तर लेव्हलवर ठेवा, नाहीतर सरळ आभाळाकडे रोखा. अधलंमधलं चुकल्यासारखं दिसतं.

पुढचा भाग रिकामा सोडणं

कॅमेरा लेव्हलवर आला की फ्रेमचा खालचा अर्धा भाग जमिनीचा होतो. तो नुसता रस्ता असला की फोटो पडलाच. इथे पायांनी काम करायचं. एशियाटिक सोसायटीच्या ३० पायऱ्यांसमोर लोक रस्त्यापलीकडून फोटो घेतात आणि त्यात पायऱ्या एका पांढऱ्या पट्ट्याएवढ्या येतात. तुम्ही सगळ्यात खालच्या पायरीशी बसा, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा. झिजलेली पहिली पायरी फ्रेमची अख्खी रुंदी घेते आणि वरचे खांब तिच्या टोकाला उभे राहतात.

बाणगंगा तलावाला हे सगळ्यात सुंदर जमतं. काठावर उभं राहिलं तर नुसतं पाणी आणि भोवतीच्या उंच इमारती येतात. चार पायऱ्या उतरून पाण्याजवळ गेलं की पायरीवरचं शेवाळं, त्यावर बसलेलं कबूतर आणि पलीकडची दीपमाळ एका फोटोत येतात. अशा वेळी चारही कोपऱ्यांवरून नजर फिरवायची सवय लावा. कॅमेऱ्याचा पट्टा, स्वतःची चप्पल आणि कलत्या उन्हात स्वतःची लांब सावली हमखास कोपऱ्यात शिरते.

घरच्या माणसांना कडेला उभं करणं

या एका चुकीने घरात रुसवे होतात, म्हणून मनापासून सांगतो. फ्रेमच्या उजव्या-डाव्या कडेला असलेली कोणतीही गोल वस्तू २६ मि.मी.वर सुमारे २० टक्के आडवी ताणली जाते. माणसाचा चेहराही. गेटवेसमोर आठ जणांची रांग लावली की दोन टोकांना उभे असलेले काका-काकू जाड दिसतात आणि फोटो कुणाला पाठवावासा वाटत नाही. दोन ओळी करा, सगळ्यांना मधल्या भागात आणा, कडांना शहर राहू द्या. एकट्या माणसाचा फोटो अर्ध्या मीटरवरून घेऊ नका, नाक मोठं येतं. दीड मीटरवरून कमरेपर्यंत घेतला की चेहरा चेहऱ्यासारखा येतो आणि मागची वास्तूही ओळखू येते.

“वाइड आहे, फोकस कशाला बघायचा?”

एफ २.८ वर बघावा लागतो. एफ ८ वर काम सोपं होतं: १६ मि.मी.ला एपीएस-सीवर १.७ मीटरला फोकस लावून ठेवला की सुमारे ८५ सें.मी.पासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. क्रॉफर्ड मार्केटसारख्या गर्दीत मी तसाच लावून फिरतो. कॅमेरा फोकस शोधत बसत नाही आणि क्षण निसटत नाही. त्याहून जास्त स्पष्टतेच्या आशेने एफ १६, एफ २२ पर्यंत जाऊ नका. विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, उलट फोटो मऊ, किंचित धूसर पडतो.

दूरचे बारकावे मात्र सोडून द्यायला शिका. सीएसएमटीच्या घुमटावरची प्रगतीची मूर्ती या लेन्सने येणार नाही आणि क्रॉप करून तिचे चौकोनी ठिपके होतात. त्याऐवजी जवळचं घ्या. ही लेन्स १३ सें.मी.वर फोकस करते. इराणी हॉटेलात संगमरवरी टेबलावर चहाचा कप ठेवला, कॅमेरा टेबलाला टेकवला आणि कपाच्या कानावर फोकस केला, की चहाची साय, बशीत सांडलेला थेंब आणि मागे लाकडी खुर्च्यांची रांग, भिंतीवरचा आरसा, गल्ल्यावरचे शेठ, असं अख्खं हॉटेल त्या एका कपाभोवती उभं राहतं. लांब लेन्सला कप मिळतो, हॉटेल मिळत नाही.

काही छोट्या गोष्टी झटपट. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) निळ्या आकाशाला एकाच ठिकाणी गडद डाग पाडतो, तो ओल्या रस्त्यापुरता वापरा. लोकलच्या डब्यात किंवा फलाटावर फोटोत काळे पट्टे आले तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. मरीन ड्राइव्हला क्षितिज कमानीसारखं वाकलेलं आलं तर एडिटिंगमध्ये लेन्स करेक्शन (लेन्सने आणलेला बाक काढणारी सोय) चालू आहे का बघा. ट्रायपॉड उघडलात तर बऱ्याच ठिकाणी परवानगी विचारली जाते. संध्याकाळी कठड्यावर कॅमेरा टेकवला तरी भागतं.

जवळ जाताना न विचारणं

वाइड लेन्स तुम्हाला माणसाच्या दोन हातांवर नेऊन उभी करते. गिरगावातल्या खोताच्या वाडीत लाकडी व्हरांडे आणि बाहेरचे जिने इतके देखणे आहेत की पाय आपोआप फाटकाशी जातात. पण ती लोकांची राहती घरं आहेत. आत कुणी पेपर वाचत बसलेलं असतं, दोरीवर कपडे वाळत असतात. “काका, एक फोटो घेऊ का?” एवढं विचारलं की बहुतेक वेळा हो मिळतं. नाही मिळालं तर कॅमेरा खाली करायचा आणि पुढे जायचं. बाणगंगेच्या काठी श्राद्धाचे विधी चालतात. तिथे कुणी डोकं भादरून बसलेलं दिसलं तर लेन्स दुसरीकडे वळवा. फ्रेम कितीही चांगली दिसत असली तरी.

एसीतून थेट रस्त्यावर

हॉटेलच्या थंड खोलीतून दमट हवेत आलात की काच धुक्याने भरते आणि सकाळचा चांगला उजेड पुसत बसण्यात जातो. खोलीतच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या, तोवर चहा होतो. पावसाळ्यात वाइड लेन्सच्या काचेवर पडलेला एक थेंबही फोटोत मोठा डाग होऊन येतो, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, लहान केलं तर आणखीच उठून दिसतो. मायक्रोफायबरची दोन फडकी ठेवा. एक फडकं खिशात, वापरायला. दुसरं पिशवीत, कोरडं.