पुण्यात एमपीएससीच्या (राज्य लोकसेवा आयोगाच्या) तयारीला येताय? पुस्तकांच्या आधी पाण्याची बाटली घ्या

जुलै २०२२ मध्ये मंगळवेढ्याहून येऊन स्वारगेटला उतरले तेव्हा माझ्याकडे दोन बॅगा होत्या. एकीत पुस्तकं, दुसरीत आईने कोंबलेल्या कडक भाकरी, शेंगाचटणी आणि किलोभर हुलगे. हुलगे बघून मी तिच्यावर चिडले होते, म्हटलं पुण्यात काय माडगं करत बसू का मी. दोन वर्षांनी त्याच हुलग्यांसाठी तिला रडत फोन केला, ते पुढे सांगतेच.

बुकलिस्ट, क्लास, टेस्ट सिरीज हे सगळं सांगणारे पेठेत पावलापावलावर भेटतील, त्यामुळे ते मी सांगत नाही. मी सांगणारे ते कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन राहून, मेसचं जेवून आणि अभ्यासिकेत दिवस काढून माणसाने धड कसं राहायचं ते. आणि हो, मी अजून पोस्ट काढलेली नाहीये, म्हणजे माझी निवड झालेली नाही. पूर्व परीक्षा पार करून दोनदा मुख्य परीक्षा दिलीये, दोन्हीला निवड यादीत नाव नाही. टॉपरचा सल्ला हवा असेल तर इथेच थांबा, राग नाही.

तर माझी चूक. मी पाणी पीत नव्हते. बास, एवढीच. ऐकायला फालतू वाटतं, मलाही वाटायचं.

झालं असं की आमची अभ्यासिका तिसऱ्या मजल्यावर, आणि मुलींचं बाथरूम खाली दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, सगळ्या मुलींना मिळून एकच. त्याची कडी तुटलेली. म्हणजे जायचं तर मैत्रिणीला उठवून न्यायचं, ती बाहेर दार धरून उभी राहणार, आणि आत फरशी कायम ओली. ह्या सगळ्यापेक्षा जायलाच नको असं मनाने कधी ठरवलं ते कळलंसुद्धा नाही, आणि जायचं नाही तर प्यायचं कशाला, असा साधा हिशोब. त्यात भर म्हणजे आम्हा पाच जणींचा एक ग्रुप होता, रोज रात्री मोबाईलमधल्या टायमरचा स्क्रीनशॉट टाकायचा, आज किती तास झाले. जागेवरून उठलं की टायमर थांबवायचा असा नियम. मी ११ तास ४० मिनिटं टाकायचे आणि स्वतःवर खूश व्हायचे. सकाळी आठला बसले की थेट दोनला मेसला जातानाच उठायचं. दिवसभरात अर्ध्या लिटरची एक बाटली, तीही कधी कधी अर्धी उरायची, आणि टपरीवरचे पाच-सहा चहा. चहा म्हणजे पाणीच की, हे माझं तेव्हाचं विज्ञान.

लघवीचा रंग करडईच्या तेलासारखा झाला होता. उन्हाळा आहे म्हणून सोडून दिलं. मग पावसाळा आला तरी तसाच, तेव्हाही सोडून दिलं. जळजळ व्हायची तर आईला न सांगता मेडिकलमधून पुडी आणून पाण्यात घालून प्यायचे, दोन दिवस बरं वाटायचं. आपलं एकच वाक्य, एकदा पूर्व होऊ दे मग बघू.

आणि पूर्व काही होईना! २०२४ ची राज्यसेवा पूर्व आठवत असेल तुम्हाला. आधी तारीख होती २८ एप्रिल, ती पुढे गेली, ६ जुलै झाली, तीही गेली, असं करत करत २५ ऑगस्ट झाली. प्रत्येक वेळी शेवटचे वीस दिवस म्हणून मी अजून घट्ट बसायचे. म्हणजे त्या वर्षी माझे शेवटचे वीस दिवस तीनदा आले. १० ऑगस्टच्या रात्री अडीचला डाव्या कुशीत जे दुखायला लागलं ते मी शब्दात सांगू शकत नाही, कमरेतून सुरू होऊन खाली जांघेपर्यंत उतरत होतं, बसता येईना, झोपता येईना, कॉटच्या दांडीला धरून उभी राहिले तर उलटी झाली. रूममेटला वाटलं अपेंडिक्स. तिने रिक्षा आणली, हॉस्पिटलला इंजेक्शन दिल्यावर पहाटे कुठे जरा शुद्धीवर आल्यासारखं वाटलं. सकाळी सोनोग्राफीला गेले तर तिथली सिस्टर म्हणते ब्लॅडर भरलेलं नाहीये, लिटरभर पाणी पिऊन बसा. दोन वर्षं जे टाळलं ते तिथे बाकावर बसून ग्लासावर ग्लास प्यायले आणि शेजारी एक आजोबा तेच करत होते, आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. मुतखडा, सहा मिलिमीटर, मूत्रनळीत अडकलेला.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मी इथे जरा ताणून सांगणारे, कारण हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, त्यातले क्षार विरघळून राहत नाहीत, त्यांचे बारीक खडे धरायला लागतात. धरून ठेवायची सवय असली की इन्फेक्शनला आमंत्रण, ती माझी जळजळ म्हणजे तेच. साधारण पाच मिलिमीटरच्या आतले खडे बऱ्याचदा आपोआप पडून जातात, मोठ्यांचं नक्की नाही. माझा अकराव्या दिवशी पडला, नशीब. जास्त मीठ वाईट, म्हणजे आपलं लोणचं, चिप्स, मेसचा रोजचा पापड. टोमॅटोच्या बियांनी खडा होतो का विचारलं तर ते हसले. दूध बंद करू का विचारलं तर म्हणाले मुळीच नको. अभ्यासिकेतली पोरं म्हणाली बिअर पी, त्यांना मी काय म्हणाले ते लिहीत नाही.

आणि एक गोष्ट नीट वाचा. अशा दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. पेनकिलर खाऊन पेपर सोडवायला बसणारे हिरो मी पाहिलेत, त्यातल्या एकाला आठ दिवस ॲडमिट व्हावं लागलं.

बरं, २५ ऑगस्टच्या पूर्व परीक्षेचं काय झालं? बँकेची परीक्षा त्याच दिवशी आली, शास्त्री रोडवर पोरं रस्त्यावर बसली, आणि आयोगाने परीक्षा पुढे ढकलली, शेवटी १ डिसेंबरला झाली. मी कॉटवर पडून मोबाईलवर ते बघत होते. मला हसावं की रडावं कळेना.

आता मी काय करते ते. मोठी बाटली घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. दोन लिटरची बाटली टेबलावर ठेवली की ती शोभेला राहते. अर्ध्या लिटरची घ्या, ती संपते, मग भरायला उठावं लागतं, आणि उठलात की मान, कंबर, डोळे सगळ्यांचं काम त्याच खेपेत होतं. दिवसाला पाच-सहा वेळा भरायची. सकाळी उठल्या उठल्या एक, हे अर्धं काम. झोपायच्या तोंडावर ढोसू नका, रात्री उठावं लागतं. दर दोन-तीन तासांनी जाऊन यायचंच, लागली असो नसो. रंग फिकट लिंबू सरबतासारखा असला की समजायचं जमतंय. किडनीचं किंवा हृदयाचं आधीपासून काही असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांनाच विचारा, माझं ऐकू नका.

आणि अभ्यासिका बघायला जाल तेव्हा एसी आहे का, वायफाय आहे का हे नंतर विचारा, आधी बाथरूम बघा. मुलींनी तर नक्कीच. कडी लागते का, नळाला पाणी आहे का, किती जणींत एक आहे. हे विचारायला लाज वाटते, मला वाटली होती, त्या लाजेचे मला हॉस्पिटलमध्ये साडेनऊ हजार मोजावे लागले.

बाकीच्या सवयी छोट्या आहेत, भराभर सांगते. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर रविवारी रात्री आठला सगळे वडापावच्या गाडीवर. दुपारची फीस्ट अंगावर आलेली, रात्री काही नाही, आणि सोमवारी डोकं दुखतंय. मी शनिवारीच दही आणून ठेवते, कडक भाकरी दह्यात कुस्करली की झालं जेवण. घरमालकीण काकू इंडक्शन लावू देत नाहीत, पण केटलला त्यांची हरकत नाही (हे आधी विचारून घ्या, लपवून ठेवाल तर डिपॉझिटमधून कापतात). कपडे रविवारवर साठवू नका. रोज अंघोळीच्या वेळी दोनच कपडे धुवायचे, बादलीचा डोंगर बघून जो जीव घाबरा होतो तो होत नाही.

संध्याकाळी चाला. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, रोज नाही जमलं तर आठवड्यातून दोनदा तरी चढा, नाहीतर सारसबागेला चक्कर. झेड ब्रिजवर उभं राहून कट ऑफची चर्चा करणं ह्याला चालणं म्हणत नाहीत. आता मुख्य वर्णनात्मक झालीये, रोज हाताने पानं भरायची, मनगट आणि खांदा बोलायला लागतो, तर रात्री केटलच्या गरम पाण्यात नॅपकिन बुडवून पिळून शेक घ्या. दहा मिनिटं लागतात.

घरी फोन. हे अवघड आहे, मला माहितीये. निकालाबद्दल विचारतील म्हणून आपण फोन टाळतो, मग चार दिवसांनी केला की आधी बोलणी आणि मग तोच प्रश्न. मी मेसहून परत येताना चालता चालता रोज फोन लावते, पाच मिनिटं, आज काय भाजी होती एवढंच सांगते. रोज बोललं की निकालाचं विचारत नाहीत, कारण त्यांना कळलेलं असतं की काही असेल तर सांगेलच ही.

आणि मेंटॉर लोक. मी एकाला पैसे देऊन वर्षभर लावला होता, त्याने मला सकाळी साडेचार ते रात्री अकराचं टाइमटेबल दिलं. त्यात जेवणाला वीस मिनिटं होती, झोप साडेपाच तास, आणि अंघोळीची वेळच नव्हती, खरंच नव्हती, मी दोनदा बघितलं. सोळा तास अभ्यास केला म्हणणारा टॉपर असेलही खरा, पण ती गोष्ट यादीत नाव आल्यावर सांगितलेली असते, आणि तेव्हा प्रत्येकाला आपले तास जरा जास्तच आठवतात. ज्याने कधी तुम्हाला जेवलीस का विचारलं नाही त्याला मार्गदर्शनाचे पैसे देऊ नका. हे जरा जास्त होतंय, पण राहू दे.

तुमच्यातल्या काहींचं आत्ताच जळजळ, पित्त, पाठ असं काहीतरी चालू असेल. घाबरू नका, आठवडाभर पाण्याचं नीट केलं तरी माझा दुपारचा डोकेदुखीचा कार्यक्रम बंद पडला होता. जळजळ राहिली तर मात्र मेडिकलची पुडी नको, साधी लघवीची तपासणी करून डॉक्टरांना दाखवा. माझे तास? आता आठ होतात, कधी साडेसात. त्या ग्रुपमधून मी बाहेर पडले, पाचातल्या दोघी अजून बोलत नाहीत.

आणि ते हुलगे. खड्यावर हुलग्याचं कढण हा आपला घरगुती उपाय, म्हणून त्यांच्यासाठीच आईला रडत फोन केला होता, तिने पुन्हा पाठवले, एसटीच्या पार्सलने. रात्री भिजत घालते, सकाळी केटलमध्ये उकळून वरचं कढण मीठ-जिरं घालून पिते. डॉक्टर म्हणाले प्या, पाणीच आहे ते, पण त्याने खडा विरघळेल असं समजू नका. आईला हे सांगितलेलं नाहीये.

हॉस्पिटलमधून आल्यावर आम्ही आठ जणी मिळून अभ्यासिकेच्या मालकाकडे गेलो होतो. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो, मी तर मुद्दे लिहून नेले होते. ते म्हणाले, अहो मग आधी सांगायचं ना, मला कोणी बोललंच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दाराला नवीन कडी बसली होती.